श्रावण सोमवारचं रक्त

पहिल्या बाळंतपणाला लेक आदिलाबादला माझ्याकडे आली, तेव्हा माझी तयारी पक्की होती: दुपटी, जुनी मऊ लुगडी, डिंक, थर्मास. मग नवव्या महिन्यातला रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट मागच्या वेळेपेक्षाही खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंत झाल्यावर रक्त जास्त जाऊ शकतं. रक्तपेढीतून दोन पिशव्या मिळतील, पण बदल्यात रक्त देणारी दोन माणसं आणा."

गावाकडच्या दोन्ही दिरांना फोन केला. सोमवारी पहिल्या बसनं दोघं हजर, अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून. पेढीतल्या माणसानं विचारलं, काय खाऊन आलात?

"काई नाई," धाकटे ऐटीत बोलले. "श्रावण सोमवार हाय. आन् रक्तदान म्हंजे दानच, ते उपाशीपोटीच करा लागते."

त्यानं सुई बाजूला ठेवली. नीट जेवून या, म्हणाला.

पेढी दवाखान्यातच होती; वरच्या मजल्यावर लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. मी बाहेर पळाले, गाड्यावरून इडल्या आणल्या. धाकट्यांनी तोंड फिरवलं.

"वैनी, आजवर एक सोमवार सोडला नाई मी. केळं खातो."

"केळ्यावर तो रक्त घेणार नाही, भाऊजी."

थोरल्यांनी द्रोण ओढला. "पोरीले काई झालं तं महादेव मलेच इचारन, इडली काऊन नाई खाल्ली म्हून." मग भावाला म्हणाले, "खाय. उद्या धर उपास. त्याच्यापाशी कुठं कॅलेंडर हाय?"

धाकटे मान खाली घालून जेवले. चटणीत कांदा असेल म्हणून ती तेवढी बाजूला सारली. मग दोघांनीही रक्त दिलं.

दुपारी नात झाली आणि रक्त जायला लागलं. आत डॉक्टरीणबाई लेकीचं पोट चोळत होत्या, नर्स धावत होत्या. आया भिजलेली कापडं बाहेर आणायची, मी तिच्या हाताकडेच बघायची. एक पिशवी चढली. दुसरी लावली. मी दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. धाकटे मागून म्हणाले, "आनखी लागन तं माहं परत घ्या. आता पोट भरलेलं हाय."

पुढचं कापड निम्मंच भिजलेलं होतं. त्याच्या पुढचं, जवळजवळ कोरडं. तेव्हा कुठे मी बाकावर बसले आणि नात कशी दिसते ते विचारलं.