हळदीची लाल पट्टी

विज्ञानाच्या बाईंच्या घरून, पिंगळीहून फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत हळदीच्या पट्ट्या वाळत घालत होतो. "मामा, आई गेली..." बाईंचा मुलगा एवढंच बोलला. मी हात धुवायला गेलो, साबण लावला, तर पिवळी बोटं लाल झाली. ही गंमत बाईंनीच शिकवलेली. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत लिटमस कधी वेळेवर यायचा नाही, म्हणून त्या कागद हळदीत बुडवून पट्ट्या करायच्या. चुन्याचं पाणी लागलं की लाल, वर लिंबू पिळलं की परत पिवळी. आठवीची पोरं आम्ल आणि आम्लारी त्यावरच शिकली. मी तिथला परिचर, मीही शिकलो.

बाईंचा डावा डोळा कसा गेला, ते आज लिहितो. तपासणीला पाहुणे आले होते आणि मुख्याध्यापकांना त्यांच्यापुढे प्रयोग करायची हौस आली. विषय यांचा इतिहास! बाई "सर, आधी पाणी..." म्हणेपर्यंत त्यांनी तीव्र आम्लात पाण्याचा पेला रिकामा केला. आम्ल उकळून उडालं. पुढच्या मुलीला मागे ओढताना बाई सापडल्या. अहवालात काय आलं, तर बाईंनी भलतीच बाटली ठेवली होती. खाली साक्षीदार म्हणून सही माझी. नोकरीच्या भीतीनं केली. दवाखान्यात मी रडायला लागलो तर म्हणाल्या, "गजानन, सही केलीस ती केलीस. पोरांना तेवढं खरं शिकवू." पुढे दरवर्षी त्या आठवीकडून घोकून घ्यायच्या... आधी पाणी, मग आम्ल, तेही थेंबथेंब.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतच शोकसभा झाली. मुख्याध्यापक उठून म्हणाले, "बाई फार चांगल्या. त्या दिवशी बाटली चुकली, एवढंच..." ते हे बोलणार हे मला ठाऊक होतं. मी तयारीनंच आलो होतो. टेबलावर दोन पेले ठेवले, एकावर 'आम्ल' अशी चिठ्ठी.

"सर, आज बाटली बरोबर हाय. कसं पातळ करायचं, दाखवा की पोरांना."

संस्थेची माणसं समोर बसलेली, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि आम्लाच्या पेल्यावर तिरपा केला. अख्खी आठवी ओरडली, "सर, उलटं करायलात!"

दोन्ही पेल्यांत नळाचंच पाणी होतं. तो आम्लाचा पेला मी सगळ्यांदेखत हातावर ओतला आणि माझी सही खोटी होती, हेही सांगितलं. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नंतर त्यांनी खोलीत बोलावलं. "गजानन, बाई असत्या तर मिटवलं असतं रे त्यांनी."

खरं आहे, त्यांनी मिटवलं असतं. मी मात्र बाईंच्या हातची शेवटची पट्टी चुन्याच्या पाण्यात बुडवून प्रयोगशाळेच्या दारावर लावली आहे, सरांच्या खुर्चीतून दिसेल अशी. लालभडक आहे. लिंबं आमच्या शेतात भरपूर आहेत. एकही शाळेत आणणार नाही.