पदरचे चार शब्द

"आभाळ कोरं दिसते तं दिसू दे. मी मेसेज आला तो सांगून राह्यली. दोन ते पाच, इजा पडाचा अंदाज हाय. झाडाखाली थांबू नोका, घरी चाला," सत्यभामा बायांना म्हणाली.

"आली आभाळाची सोयरीन," शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून सेवादास म्हणाला. वावर त्याचं, तण काढणाऱ्या निंदणाच्या बायाही त्याच्याच.

सत्यभामा गावची कोतवाल. घाटंजीच्या तहसीलीतून विजेच्या इशाऱ्याचा मेसेज आला की पंचायतीच्या भोंग्यावर तो वाचायचा, हे तिचं काम. पण भोंगा ऐकू येतो गावात, आणि पावसाळ्यात गाव असतं वावरात. बाया मोबाईल घरीच ठेवून येतात. म्हणून ती धुऱ्याधुऱ्यानं पायी फिरते.

गेल्या साली तिनं लागोपाठ तीन दिवस बाया उठवल्या आणि तीनही दिवस टिपूस पडला नाही. अर्ध्यात वावर सोडलं की रोजाचे पैसे अर्धेच. चौथ्या दिवशी तिची जाऊ कौसल्या हात धरून म्हणाली, आजचा दिवस राहू दे बाई. बाकीच्याही कुरकुरत होत्याच. सत्यभामा नरमली. मेसेज तिनं सांगितला, पण खाली पदरचे चार शब्द जोडले. आभाळ भरलं का निघा.

आभाळ भरायची वाट विजेनं पाहिली नाही. पहिले थेंब आले तशा बाया मोहाच्या झाडाखाली धावल्या. पाच जणी वाचल्या. कौसल्या खोडाला टेकून होती.

पंचनाम्याच्या वेळी साहेबानं विचारलं, इशारा दिला होता का? सत्यभामा हो म्हणाली. खोटं नव्हतंच ते. चार शब्दांचं तिनं सांगितलं नाही. वाचलेल्या बायांनीही नाही. त्या दिवशी थांबणं त्यांनाही हवंच होतं. तेव्हापासून ती मेसेज जसाच्या तसा वाचते, 'नागरिकांनी दक्षता घ्यावी' सकट. बाया हसतात. हसोत.

आता कौसल्याच्या जागी तिची पोरगी दीपा पऱ्हाटीच्या तासात, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, निंदत बसली होती.

"मोठीमाय, दोन घंटे थांबू दे नं. एवढी पात उरकते. आभाळ भरलं का निघतोच आमी."

सत्यभामा तिच्या बाजूला ओल्या मातीत बसली.

"तुया मायनंबी असंच म्हटलं होतं मले. अन् मी आयकलं. आभाळ भरलं का निघा, हे मीच सांगतलं तिले. मेसेजात नोतं ते."

दीपाचा इळा थांबला. पुढच्या तासातल्या लालीबाईनं तोंड फिरवलं. ती त्या वाचलेल्या पाचांतली.

दीपा उठली. डबा फडक्यात बांधला, आणि सत्यभामाकडं न पाहता गावाच्या वाटेला लागली. मग एकेक करत बाकीच्या उठल्या. सत्यभामा त्या पोरीची पाठ दिसेनाशी होईस्तोवर बसून राहिली.

बारा वाजून गेले होते. नाल्यापलीकडं उत्तमसिंगच्या वावरात बैलांचे डवरे चालू होते, तिथं मेसेज अजून पोचला नव्हता. तिनं गुडघ्यावर हात टेकून अंग उचललं, पातळ खोचलं आणि नाल्यात उतरली.