घटस्थापनेला आणायचा पंप

दादाला जाऊन महिना उलटला, तरी भेटायला येणारा ओटीवर टेकला की पहिलं वाक्य तेच... "चालायचंच, एवढंच आयुष्य घेऊन आला होता." सुरुवातीला मी मान हलवत होते. आता नाही हलवत. परवा रोह्याच्या बाजारात एका ओळखीच्या बाईंनी भेंडी निवडता निवडता हेच ऐकवलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आयुष्य होतं हो त्याचं. नव्हती ती गाडी." त्यांना तरी काय कळणार म्हणा! म्हणून हे लिहायला बसले. आमचे अण्णाही वाचतील. वाचू देत.

आम्ही पेणजवळच्या गडब गावचे, तीन भावंडं. अण्णा थोरले, त्यांना पहिल्यापासून अहो-जाहो. मधला दादा, त्याला अरे-तुरे. आणि शेंडेफळ मी, लग्न होऊन रोह्याला आलेली. गडबचं घर नि भातशेती अण्णांकडे राहिली. दादा पेणला सरकारी जीपवर ड्रायव्हर लागला आणि रामवाडीत दोन खोल्या बांधून राहिला. तिथेच त्याने लिलावात निघालेली एक जुनी अँबॅसिडर घेतली. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या भाऊबंदांना गाडी झाली! साखरपुडा आहे, दादाला सांगा. नवरी आणायची आहे, दादाला सांगा. कुणाची सून अडली, कुणाच्या म्हाताऱ्याला पनवेलला न्यायचंय, दादाला सांगा. गाडी दादाची आणि हक्क सगळ्यांचा. माझ्या दोन्ही बाळंतपणांना मी त्याच गाडीतून माहेरी गेले, तेव्हा मीही त्यातलीच.

त्या गाडीला वर्षात एकच सुटी, पितृपंधरवडा. लग्न नाही, बारसं नाही, कोणी शुभकार्याला गाडी मागायला येत नाही. इंजिनाचं मोठं काम दादा तेव्हाच काढायचा. "बाय गो," तो मला म्हणायचा, "हे पंधरा दिस मेलेल्यांचे नि माझ्या गाडीचे. जित्यांपैकी कोन दारात येत नाय." अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचं, पाणी सोडून पुढचा रेडिएटर आधी बाहेर काढायचा, मग पंखा, मग पट्टा. सुटलेली वस्तू डावीकडून उजवीकडे एका गोणपाटावर मांडत जायची. बसवताना उजवीकडून डावीकडे उचलत यायचं की चूक होत नाही, असं त्याचं शास्त्र. पंधरवडाभर ते गोणपाट तिथेच. वहिनी हातात खराटा घेऊन रोज सकाळी विचारायची, "झाडू का आता?" आणि हा गाडीखालून ओरडायचा, "नको गो, क्रम मोडेल!" शेजारपाजारी हसायचे. मला तर वाटतं, वहिनी मुद्दामच विचारायची.

दोन वर्षांपूर्वीचा पंधरवडा मला आठवतो. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी झाकणामागे एक साखळी असते, टायमिंग चेन म्हणतात तिला. ती झिजून सैल झाली होती. सकाळी गाडी चालू केली की अशी खळखळ वाजायची की भाऊबीजेला दादा आला हे मला रोह्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच कळायचं. ती बदलायला म्हणून त्याने सगळं उघडलं होतं, आणि गडबहून सांगावा आला... अण्णांचा विलास गोठ्याची कौलं शाकारताना वरून पडला, मांडीचं हाड मोडलं. दादा जेवत होता. ताटावरून उठला, हात धुतला, आणि नव्या चेनबरोबर दातेरी चाकंही बदलायला वेळ जाईल म्हणून जुनीच परत चढवली. वहिनी एकेक वस्तू हातात देत होती, हा घामाने निथळत आवळत होता. विलासला त्याने पनवेलला पोचवलं. पोरगा आज धड चालतो, लंगडतसुद्धा नाही. त्या दिवशी पंधरवडा आहे, तिथी कुठली आहे, हे कोणी काढलं नाही. अण्णांनी तर मुळीच नाही.

गेल्या पंधरवड्यात ते काम राहूनच गेलं, पण यंदा दादाने ठरवलंच होतं. चेन घरात होतीच, गणपतीच्या आधीच दोन्ही दातेरी चाकं, ऑइल सील, पट्टा, सगळं आणून कपाटात ठेवलं. पंधरवड्यात नवीन वस्तू घरात आणायची नाही हा आमच्या घरचा नेम, म्हणून ही तयारी. पण गाडी उघडल्यावर पाण्याचा पंपही गेलेला निघाला. दांडा धरून हलवला तर पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. तो नसला तर इंजिन तापून बसतं, गाडी जागची हलवता येत नाही. वहिनी म्हणाली, "दुकान चार पावलांवर हाय. आना नि बसवा." दादा सदरा घालून निघालाही होता. तेवढ्यात अण्णा दारात, सर्वपित्रीला जेवायला बोलवायला आलेले. त्यांनी ऐकलं मात्र, सुरूच झाले. "बाबांचा पंधरवडा चाललाय नि तू लोखंड घरात आनतोस? दोन दिसांनी काय बिघडतंय? घटस्थापनेला आन." दादा म्हणाला, "बरं." अण्णांपुढे त्याला जन्मात दुसरा शब्द सुचला नाही. दुकानदाराला त्याने पंप बाजूला काढून ठेवायला सांगितला आणि सदरा काढून खुंटीला लावला.

आणि हे सांगणारे अण्णा कोण? ज्यांच्या स्वतःच्या अंगणात त्याच वेळी कोरी करकरीत गाडी उभी होती! मिळायची होती गौरी-गणपतीत, आली अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. भटजी विसर्जनाच्या गडबडीत, मग पंधरवडा लागला. तेव्हा पूजा दसऱ्याला, आणि तोवर गाडी निळ्या ताडपत्रीखाली. ती नवी वस्तू उंबऱ्याच्या बाहेर होती म्हणून चालली असेल!

सर्वपित्रीला आम्ही सगळे गडबला जमलो. मी आदल्या दिवशीच गेले होते. दादा-वहिनी पेणहून एसटीने आले, कारण त्यांची गाडी तोंड वासून अंगणात पडलेली. वडे तळून झाले होते, कावळ्याचं पान बाहेर ठेवलं होतं. दादा माझ्याशी बोलता बोलता ओटीवर खाली बसला. छातीवर हात, चेहरा राखेसारखा. "विलास, गाडी काढ!" मी ओरडले. विलास, तोच विलास, किल्ली घेऊन धावत ताडपत्रीपाशी गेला, आणि तिथे थांबून त्याने बापाकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "अरे, पूजा नाय झाली अजून. मुहूर्त नाय. पयल्यांदाच, ती पन अवसेला, आजारी मानूस कसा घालायचा गाडीत? हायवेला उभे ऱ्हा, कायतरी मिळंल." मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी तर पायाच पडली त्यांच्या. आणि दादा... तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो. टेंपो बघा."

हायवेला गाड्या थांबत नव्हत्या. खूप वेळाने जोहे गावचा एक टेंपो थांबला, गणपतीच्या मूर्ती पोचवणारा. हौद्यात मूर्तींखालचा पेंढा तसाच पडलेला, त्यावर आम्ही दादाला निजवला. बिचाऱ्या टेंपोवाल्याने नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही, हॉर्न दाबूनच ठेवला. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पुटपुटला, म्हणून मी कान जवळ नेला. "उद्या घट बसतील ना गो? पंप आनायचाय..." पेणच्या अलीकडेच तो गेला. लवकर आणला असता तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. नसेल सांगता येत. पण आमच्या घरात एका माणसाला गाडी मागावी लागली आणि ती मिळाली नाही, हे मात्र मला सांगता येतं.

अण्णांचा दसरा काही साधला नाही. त्या दिवशी दादाचा अकरावा होता. ताडपत्री तशीच राहिली. मला वाईट वाटलं नाही, आणि वाटलं असं खोटं लिहिणार नाही.

तेराव्याला तो दुकानदार आला. बाजूला काढून ठेवलेला पंप खोक्यासकट ओटीवर ठेवला, वहिनीला नमस्कार केला आणि गेला.

भाऊबीजेला मी गल्लीच्या तोंडाकडे कान लावून बसणार नव्हते. घरात सांगितलं, यंदा मी पेणला जाते. वहिनी एकटीच होती. पोरीला गुजरातेत दिलेली, ती दिवस करून परत गेलेली. आम्ही दोघी चहा घेत होतो, तर दारात गाडी थांबली. पाडव्याला पूजा झालेली नवी गाडी, झेंडूचा हार अजून ताजा. अण्णा आत आले, कोपऱ्यातला पाट स्वतःच ओढून बसले. हातात साडीचं पुडकं. म्हणाले, "रोह्याला जाऊन आलो, तू हितं आल्याचं कळलं. आता मी एकटाच भाऊ उरलो तुला. ओवाळ."

मी ताट केलं. निरांजन लावलं, सुपारी ठेवली, अक्षता ठेवल्या. अण्णांनी टोपी सारखी केली, मान पुढे केली.

"अजून मुहूर्त नाय, अण्णा," मी म्हटलं, आणि ताट घेऊन अंगणात गेले.

गाडी होती तशीच होती, बॉनेट उघडं, पुढचा भाग मोकळा. गोणपाटावर दादाने मांडलेली ओळ पण तशीच. रेडिएटर, पंखा, पट्टा... आणि जुना पंप होता त्या जागी वहिनीने नव्याचं खोकं ठेवलेलं. मी बदामाच्या गळलेल्या पानांत उभी राहून त्या गाडीला ओवाळलं. आत पाट सरकल्याचा आवाज झाला, मग गाडीचं दार, मग नव्या इंजिनाचा आवाज. अजिबात खळखळ नाही त्याला. आला काय, गेला काय, कळतसुद्धा नाही.

वहिनी खराटा घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. ओळीकडे बघत म्हणाली, "झाडू का आता?"

"नको गो," मी म्हटलं, "क्रम मोडेल."