माळ्यावरचं भांडण

पुस्तक उघडलं की भाभी दोन पानांवर दोन तळवे ठेवायच्या. भांडणाऱ्या पोरांना एकमेकांपासून लांब धरावं, तसं. मग डावा हात उचलून म्हणायच्या, "आधी याचं पूर्ण ऐका. त्याला मधी बोलू द्यायचं न्हाई."

जाफराबादला आमच्या शेजारी त्यांचं कापडाचं दुकान. घराणं राजस्थानातलं, पण मुरलं इथंच. खाली सासरे गल्ल्यावर. वर माळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून, भाभींची इंग्रजी वाचनाची शिकवणी. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना नुसतं 'दुकानवाल्या' म्हणतो.

आमच्या मुलीला परदेशात शिकायला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता, पण वाचनाच्या परीक्षेत ती एकदा कमी पडली होती. यंदा हुकलं की ती जागा जाणार.

घोळ व्हायचा जोडीच्या उताऱ्यांत. विषय एक, लेखक दोन, मतं वेगळी. भाभींनी उत्क्रांतीची जोडी काढली. पहिला लेखक म्हणे, जीव कणाकणानं बदलत गेले. दुसरा म्हणे, लाखो वर्षं काही हलत नाही आणि मग थोडक्या काळात भराभर बदलतं. प्रश्न होता, पहिल्याचं ऐकून दुसरा काय म्हणेल? मुलीनं उत्तर निवडलं, दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, असं म्हणेल.

"हे कुठून आणलं, बेटा?"

मुलीनं शेजारी बसलेल्या माझ्याकडं पाहिलं. आणलं घरूनच होतं. गल्लीत कुणाचं वाजलं की मी हजर. 'तुमचंही बराबर, त्यांचंही बराबर' म्हणून दोघांना चहा पाजायचा, एवढीच माझी गावातली पत. लेकीनं तोच वसा घेऊन दोन शास्त्रज्ञांत समेट घडवला होता.

"भाईसाब, तुम्ही पहिले लेखक व्हा," भाभी म्हणाल्या. मुलगी दुसरी. मी जोरात सुरुवात केली आणि थोड्याच वेळात 'तसं तुमचंही म्हणणं...' करत मागं सरकलो, ते थेट साड्यांच्या गठ्ठ्यात. खालून सासऱ्यांनी विचारलं, वर कोण भांडून राह्यलं?

"कुणी न्हाई, बाबूजी. भांडताच येईना यांना."

मग मुलीकडं वळून हळू म्हणाल्या, "मिटवायचं न्हाई. त्याला काय पटलं न्हाई, तिथं फक्त बोट ठेव."

बोट बराच वेळ पानावर फिरत राहिलं आणि एका ओळीवर थांबलं. मधल्या जिवांचे अवशेष सापडत नाहीत, कारण ते नष्ट झाले असतील, असं पहिल्याचं म्हणणं. नेमकं तेच दुसऱ्याला अमान्य. बदल झटपट झाला, म्हणून मधले फारसे नव्हतेच. बोलताना मुलीचा आवाज पहिल्यांदाच चढला. भाभी मात्र तोंडावर पदर धरून, पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. तुम्हाला कुणाचं पटतं, असं मी विचारलं.

"मी तर अजून ऐकूनच राह्यले."

परीक्षा झाली. निकालाआधीच भाभींच्या घरच्यांनी दुकान संभाजीनगरला हलवलं. हवे तेवढे गुण मिळाले, जागा पक्की झाली, तेव्हा मुलीनं त्यांनाच पहिला फोन लावला. तिकडून विचारलं, जोडी कशावर आल्ती? मुलगी म्हणाली, मधमाश्यांच्या नाचावर.

"मंग? कशावरून जमलं न्हाई त्यांचं?"

मुलगी सांगत सुटली. समोर उभा राहून मी बोटांनी गुणांच्या खुणा करत होतो. तिनं पाठ फिरवली. बऱ्याच वेळानं फोन ठेवला.

"गुण सांगितलेस का?"

"त्यांनी विचारलेच न्हाईत."

मी पेढ्यांचा पुडा घेऊन सवयीनं शेजारी गेलो. तिथं आता बियाणं विकतात.