सुंदररावांचा तपकिरी फोटो

गेवराईत जुन्या बसस्टँडच्या मागे राधाकिशन फोटोवाल्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत त्याची सून शिवकन्या कॉम्प्युटरवर पासपोर्टचे फोटो काढते आणि दुकान चालवते. मागच्या खोलीत राधाकिशन बसतो आणि दुकान आपण चालवतो असं समजतो. ती मागची खोली म्हणजे त्याची डार्करूम. आत एक लाल दिवा, चार ट्रे, फोटो मोठे करायचा खिळखिळा एन्लार्जर आणि सत्तरी ओलांडलेला, साऱ्या जगावर नाराज असलेला राधाकिशन.

त्याची नाराजी रंगावरून होती. काळापांढरा फोटो पानातल्या काताच्या रंगाचा, ऊबदार तपकिरी करावा तर तो आपणच, असं तो म्हणायचा. ते खरंही होतं, कारण जिल्ह्यातल्या बाकी सगळ्यांनी हा उद्योग पंचवीस वर्षांपूर्वीच सोडला होता. फोटो आधी नेहमीपेक्षा जरा गडद छापायचा. तासभर वाहत्या पाण्यात धुवायचा. मग एका औषधात असा घालायचा, की चित्र पिवळट होऊन जवळजवळ पुसून जातं. परत धुवायचा आणि दुसऱ्या औषधात टाकायचा, की तेच चित्र तपकिरी होऊन वर येतं. या दुसऱ्या औषधाला नासक्या अंड्यांचा वास येतो. हे काम निघालं की त्या दिवशी शेजारचा हॉटेलवाला गिऱ्हाइकांना बाहेर बाकड्यावर बसवी आणि शिवकन्या माहेरी फोन लावी.

गावात काही लोक फोटो चहात बुडवून जुना करत. त्यांचं नाव निघालं की राधाकिशन थुंकून यायचा. चहात कागदच डागाळतो, माणसाच्या अंगातला पांढरा सदराही पिवळा पडतो, असं तो विचारलं नाही तरी सांगायचा.

अशा माणसाकडे तलवाड्याचे मोहनराव आले. मोहनरावांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. समोरच्या उमेदवाराच्या कचेरीत त्याच्या आजोबांचा तपकिरी फोटो होता. ते आजोबा निजामाच्या राजवटीत तुरुंगात गेले होते. म्हणून मोहनरावांचे आजोबा सुंदरराव हेही रझाकारांशी लढले होते, असं मागच्या दिवाळीत घरच्या बैठकीत ठरलं. प्रत्यक्षात सुंदरराव निजामाच्याच करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीवर, शिपाई होते आणि पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात ते कुठे होते हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांचा एकही फोटो नव्हता. ही अडचणीची गोष्ट मोहनरावांना सोयीची वाटली.

मोहनरावांचा मुलगा विजयसिंह म्हणाला होता की मोबाइलवर असा फोटो मिनिटात होतो. पण मोहनरावांना हातात धरता येईल, उलटून पाहता येईल असा कागद हवा होता. राधाकिशनला आजोबा खोटे आहेत हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. एवढ्या वर्षांनी कुणीतरी तपकिरी मागितलं होतं.

चेहरा त्याने स्वतःच शोधला. चकलांब्याचा तात्याबा मेंढरं घेऊन बाजाराला यायचा. धारदार नाक, पिळदार मिशा आणि उन्हाने करपलेला चेहरा. राधाकिशनने त्याला फेटा बांधला, अंगरखा घातला, खिडकीजवळ बसवलं आणि जुन्या कॅमेऱ्यात उरलेल्या रोलवर सात फोटो काढले. कशासाठी, हे तात्याबाने विचारलं नाही. फेटा त्यालाच ठेवून घ्यायला सांगितलं होतं, तेवढ्यावर तो खूश होता.

पहिले दोन फोटो फार लाल आले, तिसऱ्यावर डाग पडला. चौथा राधाकिशनने उजेडात धरला. फेटा पांढराशुभ्र होता आणि गालावरच्या सुरकुत्या गुळाच्या काकवीसारख्या उतरल्या होत्या.

तो पाहून मोहनराव रडले. नाक हुबेहूब आपल्यासारखं आहे, असं ते म्हणाले. सुंदररावांची लेक विमलबाई, म्हणजे मोहनरावांची आत्या, अजून हयात होती. हे आपले वडील नव्हेत, असं ती दोनदा म्हणाली. तिला दिसत नाही असं त्याच दिवशी ठरवण्यात आलं.

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, मोहनरावांच्या गेवराईतल्या कचेरीत फोटो लागला. चंदनाचा हार चढला. भाषणं झाली. एका वक्त्याने सुंदररावांनी एकट्याने अकरा रझाकार पळवल्याचं सांगितलं. पुढच्या वक्त्याने ते वीस केले.

महिन्याभराने तात्याबा बाजाराला आला, तेव्हा कचेरीच्या उघड्या दारातून त्याला स्वतःचा चेहरा दिसला. त्याला मौज वाटली. पुढच्या बाजाराला तो बायकोला, कडूबाईला, दाखवायला घेऊन आला. कडूबाईला मौज वाटली नाही. तिने हार पाहिला, फोटोखालची उदबत्ती पाहिली आणि ती सरळ आत शिरली. आत मोहनराव पन्नासेक कार्यकर्त्यांपुढे बोलत होते. तिने स्टुलावर चढून हार काढला.

"ह्यो माजा नवरा हाय," ती म्हणाली. "जित्ता हाय. भाईर मेंढरं धरून हुबा हाय. त्याला हार कावून घातला?"

सगळ्यांनी दाराबाहेर पाहिलं. तात्याबाने, साहेब बघतायत म्हणून, नमस्कार केला. फेटाही तोच होता.

मोहनरावांपुढे दोनच वाटा होत्या. फोटो मेंढपाळाचा म्हणावा, तर आजोबा गेले. मेंढपाळ आपल्या रक्ताचा म्हणावा, तर भावकी तुटली असती, आणि त्यांना मतांपेक्षा भावकी महत्त्वाची होती. त्यांनी तिसरी वाट धरली. आपण मूळ फोटो दुरुस्तीला दिला होता, फोटोवाल्याने तो हरवला आणि कुणाचाही फोटो चहात बुडवून आपल्या गळ्यात मारला, असं ते म्हणाले. कार्यकर्त्यांनी राधाकिशनला दुकानातून धरून आणलं.

तो शांतपणे आला. फोटो हरवल्याचा आळ त्याने मान खाली घालून ऐकला. फसवणुकीचाही ऐकला. तो सगळं पोटात घालणार, अशी मोहनरावांची खात्री झाली. तेवढ्यात विजयसिंह म्हणाला, चहाचा डाग लांबूनही ओळखू येतो.

राधाकिशनने मान वर केली. "चहा?" तो म्हणाला. "फेटा बगा. हाय का पिवळा कुटं? पाच ऑगस्टला मी ह्या तात्याबाला बसवलं, सात तारखेला छापला, दोन दिस खपून तपकिरी केला. औषधाच्या वासानं माजी सून माहेरी गेलती. तुमच्या आज्याचा फोटो नव्हताच, तुमीच म्हणलात, चेहरा कोणाचाबी चालंल, रंग जुना पायजे. रंग मी दिला. चहा म्हणू नका."

 मग मागच्या रांगेतून हसू सुरू झालं आणि पुढच्या रांगेपर्यंत आलं. कडूबाईने फोटो फ्रेमसकट काखेत मारला आणि ती गेली.

मोहनराव तरीही निवडून आले. फोटोवरून गेलेली मतं दुसऱ्या मार्गांनी भरून निघाली. आता कचेरीत कॉम्प्युटरने बनवलेले रंगीत सुंदरराव आहेत. त्यांच्या छातीवर पदकंही आहेत. राधाकिशनचंही काही बिघडलं नाही. शेजारच्या दोन तालुक्यांतून तिघेजण गुपचूप येऊन आजोबांची चौकशी करून गेले.

चौथा आला विजयसिंह. झालं गेलं विसरा, असं म्हणून त्याने वडिलांचा मोठा तपकिरी फोटो करून मागितला, भिंतीवर कायम राहील असा.

"मोहनरावांना काय झालं?" राधाकिशनने विचारलं.

"काय न्हाई, धडधाकट हायत. पर तुमचं वय झालंय. तुमच्यामागं हे कोण करणार?"

राधाकिशनला यात वावगं दिसलं नाही. त्याने सोमवारी सकाळी दहाला या म्हणून सांगितलं, त्या वेळी खिडकीतला उजेड चांगला असतो. मोहनराव इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर आले, हनुवटी वर करून अर्धा तास बसले आणि जाताना मुलाच्या मायेचं शिवकन्येजवळ फार कौतुक करून गेले.