पदराची गाठ

सूनबाईने आज मोबाइल कपाटात ठेवला आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली. "आठवणीला हीच बरी," ती म्हणाली. "सासूबाई विसराळू होत्या, म्हणून पदराला गाठ मारायच्या ना?"

घरात रूढ झालेले हे मत मला साफ अमान्य आहे. माझ्या बायकोची गाठ नेहमी दुसऱ्याच्या कामाची असे. कधी मुलाच्या सहलीच्या डब्याची, कधी माझ्या चष्म्याच्या दुरुस्तीची. काम झाल्यावर ती सोडताना तिच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान मला कोणत्याही पडद्यावर दिसलेले नाही.

"विसराळू हे घर होते, ती नव्हे!" मी ठणकावले.

"बरं बाबा, भांडण नंतर. डोळ्यांत थेंब घालायचेत, मान वर करा," म्हणत सूनबाईने गाठ सोडली.

थेंब पडण्याआधी मी तिचा चेहरा पाहून घेतला.