शेगडी घेऊन आलेली विहीण

विहिणी जगात पुष्कळ असतील, पण लेकीच्या घरी स्वतःची शेगडी, स्वतःचं पीठ आणि स्वतःचा पाण्याचा गडवा घेऊन उतरणारी विहीण एकट्या माझ्याच नशिबात होती. बाभुळगावहून एसटीनं आली ती कडेवर पत्र्याची शेगडी धरून. कंडक्टरनं म्हणे तिला विचारलं, "बाई, शेगडीचं अर्धं तिकीट फाडू का?" तिला हसू आलं नाही. तिला एकूणच हसू कमी यायचं. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही हा तिच्या आईनं घालून दिलेला नेम, आणि आई जाऊन चाळीस वर्षं झाली तरी नेम शाबूत. आमच्याच अंगणात, आमच्याकडे पाठ करून, ती आपली भाकर थापायची. मला राग यायचा. एकदा मी सरळ म्हटलं, "ईनबाई, लेकीच्या घरचा चहा पेल्यानं आभाळ पडते का?" ती म्हणाली, "पडत नाही. पन पडलं तं धराले तुमी येनार नाही." आणि निखाऱ्यावर फुंकर घालत बसली.

ती आली होती आमच्या नातीसाठी. रेणू तिसरीत गेली होती आणि तिला एक ओळ वाचता येत नव्हती. बाराखडी गाण्यासारखी म्हणायची. एका दमात, न चुकता. पण पुस्तकातला शब्द पुढे धरला की मान खाली. वर्गातली पोरं हसली म्हणून तिनं शाळेत बोलणंच सोडलं. माझा मुलगा सुभाष तापट आहे. त्यानं सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत वाचली तं ठीक. नाही तं यवतमाळले होस्टेलात टाकतो." सून रडली. मी रडले नाही, पण आठ वर्षं जी पोर माझ्या कुशीत झोपली, ती परक्या खोलीत लोखंडी पलंगावर झोपेल हे मला पटत नव्हतं. सुनेनं आईला फोन केला. आई जन्मभर अंगणवाडीत राबून घरी बसलेली. तिसऱ्या दिवशी शेगडी दारात.

तिची शिकवण्याची रीत मी आधी कुठे पाहिली नव्हती. घरावर टिनाचे पत्रे टाकले तेव्हा उतरवलेली जुनी कवेलं, म्हणजे मातीची कौलं, गोठ्यामागे रचलेली होती. तिनं ती धुतली, वाळवली आणि चुन्यानं एकेकावर एकेक अक्षर लिहिलं. मग एक कवेलू ओट्यावर पक्कं ठेवलं, 'र'चं. ते हलवायचं नाही. त्याच्या पुढे दुसरं कवेलू सरकवायचं. घ सरकवला की घर, भ सरकवला की भर. शब्दाचा शेवट आधी, सुरुवात मागून. मी म्हटलं, "हे उलटंच काय करून राह्यल्या?" तर म्हणे, "बैल पाहाचा तोंडाकून, शब्द पाहाचा शेपटाकून. शेपूट वळखीचं असलं की पोरगी भेत नाही." दिवसभर ओट्यावर खापरांची घासाघीस. माझे दात शिवशिवायचे. एका दुपारी मी दाराशी तूर निवडत होते आणि रेणूनं माझ्या तोंडासमोर कवेलू सरकवून मोठ्यानं वाचलं, "मर!" पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा वाचलं, "मर!" मी सूप आपटलं. "ईनबाई, हेच शिकवाले आल्या का तुमी?" विहीणबाई 'म'चं कवेलू पुसत म्हणाली, "पोरीनं वाचलं ते पाहा ना. तुमी कायले लगेच मरून राह्यल्या?"

एका शेपटावर ती आठ-आठ दिवस काढायची. मी बोटावर दिवस मोजायचे. दसरा गेला, 'डी' अजून संपला नव्हता. गाडी, साडी, काडी, पुन्हा गाडी.

कोजागिरीला आमच्या अंगणात भुलाबाई बसली. गल्लीतल्या पोरींनी गाणी म्हटली आणि शेवटी खिरापतीचा डबा वाजवला. आत काय खाऊ आहे ते आवाजावरून ओळखायचं. एकीलाही ओळखता येईना. विहीणबाई उठली आणि 'डी'पुढे 'व'चं कवेलू ठेवलं. "खाऊचं नाव हे हाय. रेणू, पाह्य." हा शब्द तिनं कधी शिकवला नव्हता. रेणूचे ओठ हलले, आवाज नाही. मग आला. "व... डी. वडी!" डबा उघडला. खोबऱ्याच्या वड्या.

सुभाष वावरातून येऊन दारातच उभा होता. म्हणाला, "पाठ केलं असन." विहीणबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कवेलांचा ढीग पायानं त्याच्याकडे सारला. त्यानं चिखलाच्या हातानं शोधून एक उचललं आणि 'डी'पुढे ठेवलं. रेणू म्हणाली, "झाडी." त्यानं दुसरं ठेवलं. "माडी." तिसरं उचललं, ते हातातच राहिलं. मग ते ढिगावर ठेवून तो हात धुवायला गेला. होस्टेलाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईची पिशवी भरलेली. ज्या कामासाठी आली ते झालं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "आन लहान्याले कोन शिकवन?" रेणूचा भाऊ तेव्हा रांगत होता. ती म्हणाली, "तुमी. चौथी पास हाय ना." मी चहा केला आणि न विचारता कप तिच्यापुढे ठेवला. तिनं कपाकडे पाहिलं, मग रेणूकडे, आणि प्याली. शेगडी मात्र नेली नाही. "राहू द्या. परत येनं झालं तं लागन."

येणं झालं नाही. गुडघे गेले तिचे. एसटीची पायरी चढवत नाही. शेगडी गोठ्यात आहे, पोळ्याच्या आधी मी तिची राख-धूळ पुसते. लहान्या आता पाच वर्षांचा झाला. संध्याकाळी त्याला घेऊन मी ओट्यावर बसते. चुना उडाला तशी मी कवेलं पुन्हा गिरवली. माझं अक्षर वाकडं आहे, पण पोराची तक्रार नाही. तिचा 'डी' तेवढा मी गिरवला नाही. फिका झालाय, पण वाचता येतो.